घरच्या म्हाताऱ्या माणसाचं लाइट बिल अचानक फुगलं तर

सगळ्यात आधी फ्रिज परत चालू करा.

हे विनोदाने सांगत नाही. वीजबिल मोठं आलं की म्हातारी माणसं पहिला दोष स्वतःला देतात. माझ्या सांगलीच्या आत्याने डिसेंबरचं बिल हातात पडल्याबरोबर रात्री फ्रिज बंद ठेवायला सुरुवात केली होती. मी पोचलो तेव्हा दूध नासलेलं आणि आत्या अंधारात माळ ओढत बसलेली. "जपाला काय उजेड लागतो?" वर हे. बिल होतं चार हजार दोनशेच्या घरात, आदल्या महिन्यापर्यंत साडेचारशेसुद्धा येत नव्हतं.

अशा वेळी येणारा-जाणारा प्रत्येक जण पंख्यावर घसरतो. एलईडी लावा, टीव्हीचं बटण भिंतीवरून बंद करा. हे सल्ले देणाऱ्यांनी एकदा कागद-पेन्सिल घ्यावी. जुना ७५ वॉटचा पंखा महिनाभर दिवसरात्र फिरवला तरी ५४ युनिट होतात. ९ वॉटचा एलईडी रोज सहा तास जाळला तर महिन्याला दोन युनिटसुद्धा नाहीत. एकट्या बाईच्या सवयींनी एका महिन्यात बिल नऊ-दहा पट होत नाही. कारण एकतर कागदात असतं, नाहीतर मीटरमध्ये, नाहीतर घरातल्या एखाद्या बिघडलेल्या वस्तूत. त्याच क्रमाने शोधायचं. सवयींचं भाषण त्यात कुठेच बसत नाही.

बारा महिन्यांची बिलं, मीटरच्या कपाटाची किल्ली आणि फोन एवढं जवळ घेऊन बसा.

हे बिल नक्की कशाचं आहे

आधी पाहा की हे वापराचं बिल तरी आहे का. उन्हाळ्याच्या सुरुवातीला अतिरिक्त सुरक्षा ठेवीची मागणी वेगळ्या कागदावर येते आणि म्हातारी माणसं तेच बिल समजून हादरतात. मग "मागील थकबाकी"चा रकाना पाहा. गल्लीतल्या पोराकडे भरायला दिलेले पैसे दोन महिने त्याच्याच खिशात फिरत असतात, हेही मी पाहिलं आहे. दोन्ही नसेल तर युनिटांकडे या.

मीटर आणि घर

बिलावरचा मीटर क्रमांक प्रत्यक्ष मीटरवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. मग मेन स्विच पाडा. दिवे आत्याच्याच घरातले गेले पाहिजेत. जुन्या इमारतींत दोन मीटरच्या वायरी उलटसुलट जोडलेल्या सापडतात आणि वर्षानुवर्षं शेजारी एकमेकांची बिलं भरत राहतात.

मेन बंद असताना मीटरवरचा लाल दिवा लुकलुकता कामा नये. लुकलुकला तर मीटर तरी खराब आहे किंवा मेनच्या आधी कुणीतरी वायर टाकली आहे. मग मेन चालू करा, पण घरातलं सगळं बंद ठेवा, इन्व्हर्टरची पिनसुद्धा काढा. तरीही दिवा लुकलुकत असेल तर घरात कुठेतरी करंट गळतो आहे किंवा जिन्यातला दिवा तुमच्या मीटरवर आहे. एकेक एमसीबी, म्हणजे खोलीखोलीचा छोटा सुरक्षा स्विच, पाडून जागा सापडते.

मीटर पळतो का हे बघायला पाणी तापवायचा रॉड बरा. इस्त्री आणि गिझर मधेच आपोआप बंद होतात, रॉड होत नाही. मीटरवर एका युनिटला किती पल्स, म्हणजे दिवा किती वेळा लुकलुकतो, ते छापलेलं असतं, समजा ३२००. मग १५०० वॉटच्या रॉडने पंधरा सेकंदांत साधारण वीस वेळा दिवा लुकलुकायला हवा. अठरा-एकवीस आले तरी चालेल, कारण व्होल्टेज कमीजास्त असतं. तीस आले तर मीटर तपासणीचा अर्ज द्या. मीटर जास्त पळतो असं निघालं तर तक्रारीच्या महिन्याआधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांचं बिल चाचणीच्या निकालाप्रमाणे दुरुस्त होतं. जुना मीटर काढून नेण्याआधी त्याच्या शेवटच्या आकड्याचा फोटो घ्या. एकदा तो मीटर गेला की गेला.

घरातले नेहमीचे गुन्हेगार: थर्मोस्टॅट गेलेला गिझर, गळक्या टाकीमुळे सारखी चालणारी मोटर, रबर गेलेला फ्रिज, मेलेल्या बॅटरीला चार्ज करत बसलेला इन्व्हर्टर.

आत्याच्या घरी यातलं काहीच नव्हतं.

साचलेलं रीडिंग

इथे लोक फसतात आणि मीही फसलेलो आहे. काही वर्षांपूर्वी आईचं बिल असंच आलं तेव्हा मी "बिल जास्त आले आहे, कमी करावे" असा अर्ज दिला. वीज कंपनीच्या ऑफिसातल्या खिडकीवरच्या माणसाने तो मीटर तपासणीत ढकलला, तपासणीचे पैसे भरून घेतले, मीटर ठीक निघाला, फाइल बंद. दोन महिने गेले. चूक माझ्या अर्जात होती. काय चुकलंय हे मी लिहिलंच नव्हतं, कारण मलाच कळलं नव्हतं.

तर मागचे सगळे महिने बिलावरून कागदावर उतरवा: महिना, मागील रीडिंग, चालू रीडिंग, युनिट, रीडिंगचा शेरा. आत्याची जून ते नोव्हेंबर अशी सहा बिलं ओळीने लावली आणि सहाही महिने ४२ युनिट. माणूस सहा महिने ओळीने ४२ युनिट वापरत नाही. सारखा आकडा दिसला की समजायचं, ही सरासरी आहे, मीटर कुणी पाहिलेलाच नाही. जून ते ऑक्टोबर शेरा होता "लॉक". खालचा भाडेकरू मीटरच्या कपाटाला स्वतःचं कुलूप घालून बंगळूरला गेला होता. सरासरी इतकी कमी का, तर त्याआधी आत्या काही महिने नाशिकला लेकीकडे होती.

डिसेंबरात कुलूप निघालं आणि खरं रीडिंग आलं. आता टप्प्यांची भानगड. महाराष्ट्रात घरगुती बिलाचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. वरच्या टप्प्याचा दर चढाच असतो. दुसऱ्या टप्प्याचा दर बऱ्याच भागात पहिल्याच्या दुपटीच्या आसपास पडतो. म्हणून सात महिन्यांचा वापर एका महिन्यात दाखवला की तेवढीच वीज कितीतरी महाग होते. २०२० च्या लॉकडाउननंतर जूनची बिलं पाहून राज्यभर ओरड झाली ती याच साचलेल्या रीडिंगवरून. साचलेले युनिट जितक्या महिन्यांचे, तितक्या महिन्यांत वाटून प्रत्येक महिन्याला टप्पे वेगळे लावायचे असतात. ऑफिसात याला "स्लॅब बेनिफिट" म्हणतात. हाच शब्द वापरा, पटकन कळतो. शेरा सलग "लॉक" असेल तर बऱ्याचदा कॉम्प्युटर ही वाटणी स्वतःच करतो.

मग आत्याची का केली नाही? यावर माझी अख्खी दुपार गेली. नोव्हेंबरच्या बिलावर शेरा होता "नॉर्मल". म्हणजे कॉम्प्युटरच्या मते नोव्हेंबरात खरं रीडिंग झालं, हिशेब तिथे मिटला, आणि डिसेंबरचे सगळे युनिट एकट्या डिसेंबरचे. पण नोव्हेंबरातही कुलूप होतंच! शेवटी आत्यानेच बिल डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाली, "अरे, हा फोटो मीटरचा कुठाय? हे तर आपल्या जिन्यातलं दार." बिलावर रीडिंगचा फोटो छापतात, त्यात काळपट लाकडी फळी होती. रीडिंगवाल्याने घरबसल्या सरासरी मिळवून आकडा ठोकला होता.

आकडे असे. मे महिन्याचं शेवटचं खरं रीडिंग ६३१०. नोव्हेंबरचं बनवलेलं ६५६२. डिसेंबरचं खरं ६८९८. डिसेंबरचं बिल आलं ३३६ युनिटांचं: १०० पहिल्या टप्प्यात, २०० दुसऱ्यात, ३६ तिसऱ्यात. प्रत्यक्षात मे ते डिसेंबर सात महिन्यांत ५८८ युनिट, म्हणजे महिन्याला ८४. एकही युनिट पहिल्या टप्प्याच्या बाहेर जात नाही.

म्हणून माझा आग्रह एकच: हिशेब मागच्या बिलापासून सुरू करू नका, शेवटच्या खऱ्या रीडिंगपासून करा. आणि खरं कोणतं हे शेऱ्यावरून ठरवू नका, फोटोवरून ठरवा. बिलावर फोटो नसेल किंवा धूसर असेल तर तेही अर्जात लिहा.

अर्ज अर्ध्या पानाचा. वय, एकटेपणा, औषधांचा खर्च यातलं काही नको, त्याने काम हलत नाही. आम्ही एवढंच लिहिलं:

"मे महिन्याचे प्रत्यक्ष रीडिंग ६३१०. जून ते ऑक्टोबर 'लॉक' शेऱ्याने सरासरी बिले. नोव्हेंबरचे रीडिंग प्रत्यक्ष घेतलेले नाही, सोबतच्या बिलावरील फोटो पाहावा. डिसेंबरचे प्रत्यक्ष रीडिंग ६८९८. एकूण ५८८ युनिट सात महिन्यांत विभागून, प्रत्येक महिन्यास स्लॅब बेनिफिट देऊन, भरलेली रक्कम वजा करून डिसेंबरचे बिल दुरुस्त करावे."

सोबत सहा बिलांच्या झेरॉक्स आणि मीटरचा ताजा फोटो. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "ठेवून जा, साहेब आले की देतो" हे ऐकून निघालात तर अर्ज दिलाच नाही असं धरा. कनेक्शन अजून वारलेल्या काकांच्या नावावर असेल तर "आधी नाव बदला, मग बघू" असंही ऐकवतील. नाव जरूर बदला, पण नंतर. त्या घरात राहून वीज वापरणाऱ्या माणसाची तक्रार घ्यावी लागते. तुम्ही एकटे जाणार असाल तर आत्याच्या सहीचं अधिकारपत्र न्या. मी मात्र तिला नेलंच. तिला तारखा माझ्यापेक्षा पाठ होत्या.

अजून एक खड्डा. बिल दुरुस्त करून देताना काही ठिकाणी छापील आकडा पेनाने खोडून, सही करून देतात. तेवढी रक्कम भरून घरी या, पण पुढच्या महिन्याचं बिल उघडेपर्यंत काम झालं असं समजू नका. कॉम्प्युटरमध्ये दुरुस्ती चढली नसेल तर खोडलेली रक्कम थकबाकी आणि व्याज होऊन परत येते. आत्याचं तसंच झालं. परत एक फेरी, परत तोच शिक्का. शेवटी सतराएकशे रुपये कमी झाले.

तोवर पैसे भरायचे का

आत्या मुदतीच्या आत सगळे भरायला निघाली होती. "आपल्या नावावर बाकी नको." मी अडवलं. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. त्याच कलमात अशीही सोय आहे की मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यातली जी कमी ती "अंडर प्रोटेस्ट", म्हणजे हरकत नोंदवून, भरली तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. "अंडर प्रोटेस्ट" हे दोन शब्द पैसे भरतानाच्या पत्रावर लिहा आणि पावती त्याच अर्जाला जोडा. काहीच न भरणं हा हट्ट झाला. सगळं भरून टाकणंही बरं नाही, मग तुमच्या अर्जाची घाई कुणालाच राहत नाही.

या दिवसांत आत्याच्या फोनवर एक मेसेज आला: आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या मोबाइल नंबरवर अधिकाऱ्याशी बोला. ती फसवणूक आहे. बिलाच्या काळजीत असलेलं माणूस त्यात हमखास सापडतं. तो नंबर लावायचा नाही, कुठलंही ॲप टाकायचं नाही, हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

ऑफिसने ऐकलंच नाही तर

ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा. वाद उभा राहिल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार द्यावी लागते. मंचाचा निकाल पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपालाकडे. शिक्क्याची प्रत आणि महिन्यांचा तक्ता हातात असेल तर वेगळं काही तयार करावं लागत नाही.

मीटरच्या कपाटाची दुसरी किल्ली आता आत्याच्या देव्हाऱ्यात असते. दर एक तारखेला ती जिन्यात जाऊन आकडा बघते आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते. गेल्या महिन्यात रीडिंगवाला घाईत निघाला होता, तर तिने त्याला थांबवून बॅटरी दिली. "फोटो नीट काढ रे बाबा, दार नको."