ट्यूब ॲम्प उघडण्याआधी कपॅसिटर रिकामे कसे करावेत

ट्यूब (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या) गिटार ॲम्पची विजेची पिन काढली तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीजपुरवठा स्थिर ठेवण्यासाठी चार्ज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, 300 ते 500 व्होल्ट डीसी साठून राहू शकतात. 450 व्होल्टला भरलेल्या 100 मायक्रोफॅरडमध्ये सुमारे 10 जूल ऊर्जा असते. ती छातीतून गेली तर जीवावर बेतेल. फेंडर ट्विन रिव्हर्बमध्ये कपॅसिटरवर बसवलेले 220 किलोओमचे रेझिस्टर चार्ज हळूहळू उतरवतात, पण त्यातला एखादा जळला असेल तर बाहेरून कळत नाही. म्हणून 'कालपासून बंदच आहे' यावर कधीही विसंबू नका.

साधन घरीच करा: 10 किलोओम, 5 वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर, एका टोकाला क्रोकोडाइल क्लिपची वायर, दुसऱ्या टोकाला इन्सुलेटेड प्रोब, सगळे सांधे हीटश्रिंकखाली (गरम केल्यावर आवळणाऱ्या प्लास्टिकच्या नळीखाली) झाका. पाव वॅटचा रेझिस्टर एवढ्या व्होल्टेजसाठी बनलेलाच नसतो. स्क्रूड्रायव्हरने थेट शॉर्ट करू नका: ठिणगीने टर्मिनल जळतं आणि कपॅसिटरलाही मोठा झटका बसतो.

ॲम्प बंद करा, पिन काढा आणि स्टँडबायचा (ट्यूब गरम ठेवून आवाज थांबवणारा) स्विच वाजवण्याच्या स्थितीत ठेवा. नाहीतर काही ॲम्पमध्ये पहिला कपॅसिटर बाकीच्यांपासून तुटलेला राहतो आणि पुढच्या टप्प्यावर शून्य बघून आपण फसतो. अंगठी, घड्याळ काढा. 1000 व्होल्ट डीसी मोजणारा मीटर आधी 9 व्होल्टच्या बॅटरीवर तपासा, मग त्याची काळी क्लिप आणि साधनाची क्लिप चॅसिसला (ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला) लावा. एक हात खिशात. आता मीटर आणि साधन, दोन्हींचे प्रोब एकाच वेळी धरायचे तर दोन हात लागतील. त्यासाठी मीटरचा लाल प्रोबही क्लिपवाला घ्या आणि तो ॲम्प चालू नसताना, पिन काढल्यावरच, एका हाताने पहिल्या कपॅसिटरच्या प्लसला अडकवा. मग साधनाचा प्रोब तिथेच टेकवा. 10 किलोओम गुणिले 100 मायक्रोफॅरड म्हणजे 1 सेकंद. 5 सेकंदांत व्होल्टेज 1 टक्क्याच्याही खाली येतं, तरी 10 सेकंद धरा.

नंतर प्रत्येक कपॅसिटर वेगळा मोजा. दोन कपॅसिटरमधला, व्होल्टेज कमी करणारा ड्रॉपिंग रेझिस्टर तुटला असेल तर त्यापुढचा भरलेलाच राहतो. जोडीने सिरीजमध्ये असलेले दोन्ही त्यांच्या स्वतःच्या टर्मिनलवर मोजा. बायसचा (ट्यूबला उणे व्होल्टेज देणाऱ्या भागातला) कपॅसिटर उलटा असतो, तिथे मीटर उणे दाखवेल.

रिकामा केलेला कपॅसिटर थोडं व्होल्टेज परत उभं करतो. त्यामुळे काम चालू असेपर्यंत साधनाच्या प्रोबच्या टोकालाही क्लिप लावून ते जोडूनच ठेवा. फक्त ॲम्प पुन्हा चालू करण्याआधी ते आठवणीने काढा: 450 व्होल्टला त्या 5 वॅटच्या रेझिस्टरवर 20 वॅट पडतात.