बॉक्समध्ये पडला! फाऊल की नाटक? रेफरींनी या चुका टाळा

नाशिकच्या शालेय फुटबॉल सामन्यांना व्हीएआर (व्हिडिओ पाहून रेफरीला मदत करणारी यंत्रणा) नसतो. गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्समध्ये खेळाडू पडला की निर्णय एका शिट्टीत द्यायचा, तोही बाहेरून ‘पेनल्टी, पेनल्टी’चा गलका चालू असताना. अशा वेळी सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे दोनच पर्याय धरून चालणं: फाऊल नसेल तर नाटक, म्हणजे यलो कार्ड. खेळ चालू ठेवणं हा तिसरा पर्याय बहुतेक वेळा बरोबर असतो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलाने स्टड भरले की पोरं आपोआप घसरतात. रेफरीला फसवायचा प्रयत्न स्पष्ट दिसला, तरच कार्ड.

‘पाय लागलाच नाही, म्हणजे डाइव्ह (पडण्याचं नाटक)’ हेही चूक. फुटबॉलच्या नियमावलीतल्या नियम १२ (फाऊल आणि गैरवर्तन) प्रमाणे पाय घालून पाडण्याचा नुसता प्रयत्नही फाऊल ठरतो. अंगावर येणारा टॅकल (चेंडू हिसकावायला घातलेला पाय) चुकवायला उडी मारणाऱ्याला कार्ड दाखवणं हा सरळ अन्याय आहे. उलट, नुसता स्पर्श झाला म्हणून फाऊल होत नाही. टॅकल निष्काळजी होता का, ते बघायचं.

खरंच अडखळलेल्याचे हात जमिनीकडे जातात, तोंडावर आपटू नये म्हणून. नाटक करणारा बऱ्याचदा हात वर टाकतो, धक्का लागायच्या आधीच गुडघे सोडतो, किंवा मागचा पाय मुद्दाम बाजूला काढून बचावपटूच्या पायात अडकवतो. धक्का एकीकडून आणि पडला भलतीकडे, तर शंका घ्या. पडता पडता रेफरीकडे बघणं ही खूण झाली, पुरावा नव्हे. यासाठी दोघांच्या पायांमधली फट दिसायला हवी. थेट पाठीमागून धावलात तर ती दिसत नाही, थोडं बाजूला सरका. तरीही दिसलं नाही तर असिस्टंट रेफरीकडे बघा. अंदाजाने कार्ड काढू नका.

नाटकासाठी खेळ थांबवला तर ड्रॉप बॉल (रेफरीने चेंडू जमिनीवर टाकून खेळ सुरू करणं) देऊ नका. विरोधी संघाला, जिथे नाटक झालं तिथून, इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल धरत नाहीत) द्यायची. हात सरळ वर करा आणि चेंडू दुसऱ्या खेळाडूला लागेपर्यंत किंवा बाहेर जाईपर्यंत, किंवा थेट गोल होऊच शकत नाही हे स्पष्ट होईपर्यंत, खाली आणू नका.

विव्हळणाऱ्याला ‘ऊठ, नाटक नको’ म्हणू नका. डोक्याला लागलं असेल तर आधी खेळ थांबवा, कार्डाचं नंतर बघू.

आणि कार्ड दाखवलं की नंबर लगेच वहीत लिहा. त्याच पोराचं दुसरं यलो असेल, तर यलोपाठोपाठ रेडही दाखवावं लागतं.