तापमापी थबकतो तिथे काय चाललेलं असतं: उष्मा नव्याने शिकणाऱ्यांसाठी

पदवीच्या पहिल्या वर्षाला मी एक उदाहरण सोडवलं होतं. 0 अंश सेल्सिअसचा 100 ग्रॅम बर्फ 50 अंशांच्या 100 ग्रॅम पाण्यात टाकला, तर मिश्रणाचं अंतिम तापमान किती? सूत्र तोंडपाठ होतं: गरम पदार्थाने गमावलेला उष्मा म्हणजे थंड पदार्थाने मिळवलेला उष्मा. आकडे घातले आणि उत्तर आलं उणे 15 अंश. आकडेमोड तीनदा तपासली, चूक सापडली नाही, म्हणून तेच उत्तर लिहून वही दिली. पाण्यात बर्फ टाकल्यावर सगळं मिळून बर्फाहूनही थंड कसं होईल, हा प्रश्न वही परत हातात येईपर्यंत मला पडलाच नाही.

चूक गृहीतात होती. सगळा बर्फ वितळणारच, असं मी न विचारता धरलं होतं. 50 अंशांचं 100 ग्रॅम पाणी 0 अंशापर्यंत उतरताना जास्तीत जास्त 5000 कॅलरी देऊ शकतं (1 ग्रॅम पाणी 1 अंशाने तापवायला लागणारा उष्मा म्हणजे 1 कॅलरी). 100 ग्रॅम बर्फ पूर्ण वितळवायला, ग्रॅमला 80 प्रमाणे, 8000 कॅलरी लागतात. एवढा उष्मा पाण्याकडे नाहीच. तेव्हा 5000 भागिले 80, म्हणजे साडेबासष्ट ग्रॅम बर्फ वितळतो, उरलेला साडेसदतीस ग्रॅम तरंगत राहतो आणि तापमान 0 वर स्थिरावतं. तेव्हापासून मी सूत्राला हात लावण्याआधी एकच गोष्ट विचारतो: वाटेत अवस्था बदलते का, आणि ती पूर्ण बदलण्याइतका उष्मा आहे का?

हा प्रश्न अंगवळणी पडायचा असेल तर आलेख स्वतः काढा, छापलेला बघू नका. आडव्या अक्षावर दिलेला उष्मा, उभ्या अक्षावर तापमान. उणे 10 अंशांचा 1 ग्रॅम बर्फ घ्या. 0 अंशापर्यंत यायला 5 कॅलरी, कारण बर्फाची विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे 1 ग्रॅम 1 अंशाने तापवायला लागणारा उष्मा, पाण्याच्या जवळपास निम्मी आहे. मग वितळायला 80, पाणी 0 वरून 100 अंशांवर जायला 100, आणि वाफ व्हायला 540. एकूण 725 कॅलरी. प्रमाणात काढलात तर शेवटची आडवी रेघ कागदाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग खाते. एवढा सगळा उष्मा आत गेला आणि तापमान एका अंशानेही हललं नाही, हे कागदावर दिसलं की विसरत नाही.

मग तो गेला कुठे? तापमान म्हणजे कणांच्या सरासरी गतिज ऊर्जेचं माप. अवस्था बदलताना मिळणारी ऊर्जा कणांचा वेग वाढवण्यात जात नाही, त्यांच्यातलं आकर्षण मोडण्यात खर्च होते. वितळताना कण एकमेकांना धरूनच असतात, फक्त त्यांची घट्ट रचना मोडते. वाफ होताना मात्र ते एकमेकांपासून पार सुटतात. म्हणून 80 आणि 540 यांत इतकं अंतर. तापमापीला ही ऊर्जा दिसत नाही, म्हणून ती 'अप्रकट'.

ही गोष्ट ओळखली शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी, 1760 च्या दशकाच्या सुरुवातीला, ग्लासगो विद्यापीठात असताना. दोन सारखी भांडी, एकात बर्फ, दुसऱ्यात जवळजवळ तितक्याच तापमानाचं पाणी, दोन्ही एकाच खोलीत टांगलेली. पाणी अर्ध्या तासात 40 अंश फॅरनहाइटला पोचलं. बर्फ वितळून तेवढ्याच तापमानाला यायला सुमारे साडेदहा तास लागले. साधनं म्हणाल तर तापमापी आणि घड्याळ. मला हा प्रयोग फार आवडतो.

प्रयोगशाळेत पहिल्यांदा बर्फाच्या वितळण्याचा अप्रकट उष्मा काढला तेव्हा माझं उत्तर आलं 72. मी दोष कॅलरीमापीच्या, म्हणजे उष्मा मोजायच्या भांड्याच्या, आवरणाला दिला. खरं कारण ओला बर्फ. तुकड्यांना चिकटलेलं पाणी आधीच वितळलेलं असतं, ते पुन्हा उष्मा घेत नाही, पण वजनात मात्र मोजलं जातं. दहावा हिस्सा पाणी असलं तर 80 चे थेट 72 होतात. त्यामुळे प्रत्येक तुकडा टिपकागदाने कोरडा करून लगेच टाका, सतत ढवळा. सुरुवातीचं पाणी खोलीच्या तापमानाहून चार-पाच अंश गरम घ्या आणि शेवट तितकाच खाली होईल एवढाच बर्फ टाका, म्हणजे आधी बाहेर गेलेला आणि नंतर आत आलेला उष्मा बराचसा एकमेकांना फेडतो.

वाफेच्या प्रयोगात हीच काळजी उलट्या बाजूने: वाफेबरोबर पाण्याचे थेंब आले तर उत्तर कमी येतं. आणि इथे हात सांभाळा, हे मी अगदी कळकळीने सांगतो. 100 अंशांचं 1 ग्रॅम पाणी त्वचेवर 37 अंशांपर्यंत निवताना 63 कॅलरी देतं. तितकीच वाफ आधी 540 देते, मग ते 63. जवळपास दहापट.

एककांबद्दल थोडक्यात: 1 कॅलरी म्हणजे सुमारे 4.18 ज्यूल. एका उदाहरणात दोन्ही मिसळू नका. आणि 100 अंश हा पाण्याचा उत्कलनांक (उकळण्याचं तापमान) एक वातावरण दाबाचा, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाचा आहे. दाब कमी झाला की तोही उतरतो.

गरम करण्याचा आलेख जमला की निवण्याचाही करून पाहा, कारण तो बहुतेक जण टाळतात. परीक्षानळीत नॅप्थॅलीन (डांबरगोळ्यांत वापरतात तो पदार्थ) घ्या, गरम पाण्यात ठेवून 90 अंशांच्या आसपास न्या, मग बाहेर काढून दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहा. खोली हवेशीर हवी, त्याची वाफ श्वासात जाऊ देऊ नका. आकडे भराभर उतरतात आणि 80 अंशांजवळ थबकतात. नळी गरम आहे, खोली थंड आहे, उष्मा बाहेर जातोच आहे, तरी तापमान उतरत नाही. तेवढ्यात नळीच्या भिंतीलगत पांढरे स्फटिक धरू लागतात. शेवटचा द्रव घट्ट होईपर्यंत नोंदी थांबवू नका. त्यानंतर आकडे पुन्हा उतरायला लागतात.