दोन देशांच्या सुवर्णसाठ्याची तुलना करताय? या चुका टाळा

१९७०पासूनचे आकडे घेऊन जर्मनी आणि चीनच्या सुवर्णसाठ्याचा आलेख काढा. जर्मनीची रेघ १९७९ला एकदम खाली येते, १९९८ला उसळते आणि वर्षभरात पुन्हा उतरते. पाहणाऱ्याला वाटतं, सोनं विकलं, घेतलं, परत विकलं. यातलं काहीच घडलेलं नाही.

१९७९मध्ये युरोपीय चलन व्यवस्था सुरू झाली, तेव्हा सहभागी देशांनी आपलं २० टक्के सोनं अदलाबदलीच्या कराराने एका सामायिक निधीच्या नावे केलं आणि बदल्यात एक्यू हे हिशेबी चलन घेतलं. युरो येण्याआधी तो करार संपला, सोनं आपापल्या खात्यात परतलं. १९९९मध्ये त्यातलं थोडं युरोपीय मध्यवर्ती बँकेकडे गेलं. सुमारे २,९६० टन, मग ३,७००, मग ३,४७० या पायऱ्या त्यामुळे दिसतात. फ्रान्स आणि इटलीच्या रेघांतही हाच प्रकार आहे.

चीनचं दुखणं वेगळं. २००३पासून ६०० टनांवर थांबलेला आकडा एप्रिल २००९मध्ये १,०५४ झाला आणि जुलै २०१५मध्ये थेट १,६५८. खरेदी त्या-त्या महिन्यात झाली नव्हती, फक्त जाहीर तेव्हा केली. दोन टोकं सरळ रेघेने जोडली तरी मधला भाग आपला अंदाजच राहतो, म्हणून ती रेघ तुटक ठेवावी. तुर्कस्तानच्या बाबतीत २०११च्या अखेरीपासून व्यापारी बँकांनी राखीव निधी म्हणून ठेवलेलं सोनंही आकड्यात मिसळलं. याउलट भारताची २००९मधली २०० टनांची उडी खरी आहे: ते सोनं नाणेनिधीकडून विकत घेतलं होतं. तेव्हा कुठलीही उडी दिसली, की धातूची मालकी बदलली की नुसता हिशेब, हे आधी तपासा.

डॉलरमधल्या किमतीवर तुलना करू नका. भाव चढला की एक ग्रॅमही न घेता साठा 'वाढतो'. त्यातून अमेरिका आपलं सोनं अजून औंसाला ४२.२२ डॉलर या कायद्याने ठरलेल्या दराने मांडते, म्हणजे सगळे मिळून जेमतेम ११ अब्ज डॉलर. जर्मनी बाजारभावाने मांडते. हे दोन आकडे शेजारी ठेवून काय कळणार? टनच वापरा.

टन काढताना औंस कोणता ते बघा. सोन्याचा ट्रॉय औंस ३१.१०३५ ग्रॅमचा, साधा औंस २८.३५चा. पडताळा सोपा आहे: अमेरिकेचे सुमारे २६.१५ कोटी औंस म्हणजे ८,१३३ टन. उत्तर ७,४००च्या आसपास आलं, तर औंस चुकलाय.

परकीय चलनसाठ्यातल्या सोन्याच्या टक्केवारीवरून श्रीमंती ठरवणं तर सर्रास चालतं. अमेरिकेचं चलनच जगाचं राखीव चलन असल्याने तिला परकीय चलन फारसं बाळगावं लागत नाही, त्यामुळे तिथे सोन्याचा वाटा फुगलेला दिसतो. चीनकडे तीन लाख कोटी डॉलरांहून मोठी गंगाजळी असल्याने तिथे तो आक्रसतो.

सोनं 'परत आणल्याच्या' बातम्याही एकूण आकड्यात मिळवू नका. २०१३ ते २०१७ दरम्यान जर्मनीने न्यूयॉर्क आणि पॅरिसहून ६७४ टन सोनं फ्रँकफर्टला हलवलं. त्या स्थलांतराने तिचा साठा वाढला नाही.