सिंगापूर बोटॅनिक गार्डन नीट बघायचं असेल तर

सिंगापूरला जाणारे बरेच जण या बागेत भर दुपारी पोचतात, उकाड्यात तासभर फिरतात आणि झाडंच तर आहेत म्हणून परततात, मला याचं खरंच वाईट वाटतं. १८५९ची बाग आहे, २०१५मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, आणि आत यायला पैसे लागत नाहीत!

बाग पहाटे पाचलाच उघडते, तेव्हा सातच्या आत नेपियर मेट्रो स्टेशनला उतरा आणि टँगलिन गेटने आत शिरा. बाग लांबलचक आहे त्यामुळे दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत राहायचं, उलटसुलट फिरलात तर पायच दुखतील. आधी स्वान लेक, मग हिरवळीवरची शिल्पं. सिडनी हार्पली या शिल्पकाराची झोक्यावरची मुलगी, सायकलवरची मुलगी शोधा, ती एका जागी मांडलेली नाहीत त्यामुळे नकाशा मोबाईलमध्ये ठेवा. झोक्यावरच्या मुलीला एकाच बाजूने बघून पुढे जाऊ नका, भोवती एक चक्कर मारा, तिचा वेग तेव्हाच कळतो.

ऑर्किड गार्डनला मात्र वेगळं तिकीट आहे आणि ते साडेआठला उघडतं, उघडल्या उघडल्या जा, गर्दी नसते. इथली लागवड रंगांनुसार चार ऋतूंमध्ये वाटलीय, वसंताला पिवळा-सोनेरी, उन्हाळ्याला लाल-गुलाबी, शरदाला गडद पिकलेल्या छटा, हिवाळ्याला पांढरा आणि थंड निळसर. विषुववृत्ताजवळ असे ऋतू नसतातच, म्हणून ही कल्पना मला फार आवडते. कूल हाऊस चुकवू नका, तिथे उंच डोंगरावरची थंड हवा तयार केलीय आणि घामाघूम झाल्यावर तिथून निघवत नाही. वांडा मिस जोकिम हे ऑर्किडही बघा, १९८१पासून ते सिंगापूरचं राष्ट्रीय फूल आहे.

जिंजर गार्डन जवळच आहे. आलं, हळद, वेलची, केळ, कर्दळ ही कुळं वेगळी असली तरी सगळी एकाच मोठ्या गणातली नातेवाईक मंडळी, पाट्या वाचत सावकाश फिरा, आणि तिथला धबधबा मागून बघता येतो.

पुढे सिंफनी लेकवर पोलिश संगीतकार शोपँचं शिल्प आहे, तिथे थोडं बसा. पाणी, टोपी आणि छत्री हवीच, दुपारी पाऊस अचानक कोसळतो आणि विजा कडाडायला लागल्या की झाडाखाली न थांबता जवळची शेड गाठा. शेवटी बुकिट तिमाह गेटने बाहेर पडा, बोटॅनिक गार्डन्स मेट्रो स्टेशन तिथेच आहे.