मलप्रभेच्या लाटांवर मित्रांसह हवेची ट्यूब कशी सोडावी

समुद्राची लाट पुढे सरकते. नदीची लाट मात्र एकाच जागी उभी राहते आणि पाणी तिच्यातून निघून जाते. बुडालेल्या खडकावरून वेगाने उतरलेले पाणी खालच्या संथ पाण्याला भिडले की ती उठते. त्यामुळे एकच लाट काठावर बसून हवी तितकी न्याहाळता येते, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी ती न्याहाळणे हीच पहिली पायरी होय.

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात ट्यूबमध्ये बसून लाटेवरून उतरण्याचा हा खेळ पावसाळा पूर्ण ओसरल्यावरच करावा. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीच्या परिसरात जोराचा पाऊस झाला की खानापुरात ऊन असतानाही नदीचे पाणी चढू शकते. म्हणून पाण्याच्या रेषेवर एक दगड मांडून ठेवावा. तो बुडू लागला, किंवा पाणी गढूळ होऊन काटक्या वाहत येऊ लागल्या, तर सर्वांनी लगेच बाहेर यावे. घटप्रभेसारख्या धरणाखालच्या नदीत पाणी कधी सोडतील याचा भरवसा नसतो, तर गणेशगुडीजवळच्या काळी नदीतील प्रवाह राफ्टसाठी आणि जाणत्या मार्गदर्शकांसाठी आहे. या दोन्ही ठिकाणी हवेची खेळणी नेऊ नयेत.

जागा निवडताना लाटेपेक्षा तिच्या खालच्या पाण्याकडे अधिक लक्ष द्यावे. लाटेनंतर संथ, मोकळा आणि काठाला लागता येईल असा डोह हवा. तेथे आडवे पडलेले झाड असेल तर ती जागा सोडावी, कारण पाणी फांद्यांतून निघून जाते आणि माणूस अडकतो. बंधारा तर याहून फसवा असतो: दिसायला तो शांत वाटतो, पण त्यावरून पडलेले पाणी उलटे फिरून भिंतीकडे येत राहते आणि तरंगणाऱ्या माणसाला तेथेच घोळवत ठेवते. वरून पाहताना प्रवाहाच्या दिशेने टोक असलेली, व्ही अक्षरासारखी गुळगुळीत जीभ दिसली तर तेथे मोकळी वाट समजावी; टोक आपल्याकडे असेल तर खाली खडक आहे.

फ्लेमिंगोच्या आकाराचे खेळणे फोटोत शोभते, पण त्याच्या उंच मानेमुळे ते वाऱ्याने फिरते आणि चटकन उलटते. जाड रबराची ट्रकची ट्यूब केव्हाही बरी. तिच्या व्हॉल्व्हवर जुन्या रबराची पट्टी गुंडाळावी, नाहीतर अंग सोलवटते. उन्हात हवा फुगते, त्यामुळे काठावर ट्यूब टच्च भरू नये. ट्यूब हे जीव वाचवण्याचे साधन नव्हे. प्रत्येकाला पोहता आले पाहिजे आणि प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, डोक्यावर हेल्मेट व पायांत घट्ट बसणारे बूट हवेत. ट्यूब दोरीने अंगाला किंवा एकमेकींना कधीही बांधू नये.

एका मित्राने तरंगणारी दोरी घेऊन खालच्या डोहाच्या काठावर उभे राहावे आणि त्याने हात वर केल्यावरच पुढच्याने सुटावे. एका वेळी एकच ट्यूब प्रवाहात असावी. ट्यूबमध्ये बसून तोंड लाटेकडे ठेवावे, उथळ जागी कंबर उचलून धरावी आणि लाट येताच मागे न रेलता पुढे झुकावे. ट्यूब आडवी झाली की ती उलटते, म्हणून हातांनी वल्हवत ती सरळ ठेवावी. खडकावर आदळण्याची वेळ आली तर अंग दूर खेचण्याची इच्छा आवरून खडकाकडेच झुकावे, कारण दूर झुकल्यास वरून येणारे पाणी ट्यूबच्या काठावर चढते आणि ती पालथी करते.

पाण्यात पडल्यावर वाहत्या धारेत उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. दगडांच्या फटीत पाऊल अडकले तर प्रवाह माणसाला खाली दाबतो. उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेने आणि पायांची बोटे पाण्यावर ठेवावीत आणि डोहात पोहोचल्यावर तिरके पोहत काठ गाठावा. दोरी मिळाल्यास ती छातीशी धरावी, मनगटाला गुंडाळू नये. सुटलेल्या ट्यूबमागे कोणीही जाऊ नये.