सात संघांची दुहेरी बाद स्पर्धा: कार्यक्रमपत्रिका आखताना

मंडळाच्या कबड्डी स्पर्धेची कार्यक्रमपत्रिका आखण्याचे काम माझ्याकडे बरीच वर्षे आहे. ही स्पर्धा दुहेरी बाद पद्धतीची, म्हणजे संघ दोनदा हरल्यावरच बाद होतो. या कामात नव्याने पडणाऱ्या कार्यकर्त्यांना बहुधा एकच चिंता असते: सात संघ आले, आता आठवा कोठून आणायचा? त्याची गरज नसते. तक्ता आठ जागांचा मांडावा, एक जागा रिकामी ठेवावी आणि तिच्यासमोरच्या संघाला पुढे चाल द्यावी, म्हणजे न खेळता पुढच्या फेरीत घ्यावे. ती अव्वल मानांकित संघाला मिळणे रास्त; मानांकनाला आधारच नसेल, तर सर्व संघनायकांसमोर चिठ्ठी काढावी.

खरा गुंता पराभूत गटात, म्हणजे एकदा हरलेले संघ आपसात खेळतात त्या गटात होतो. पहिल्या फेरीत तीनच सामने झाल्यामुळे हरलेले संघही तीनच उरतात आणि तेथे पुन्हा एका संघाला पुढे चाल द्यावी लागते. ती कोणाला, हे पहिली चढाई होण्यापूर्वी लेखी ठरलेले नसेल, तर हरलेल्या तिन्ही संघांचे प्रशिक्षक पंचांच्या टेबलाभोवती जमतात. तक्त्यात रिकाम्या जागेशेजारी चौथ्या आणि पाचव्या मानांकित संघांची लढत येते, म्हणून त्या लढतीतील पराभूताला मी ही सवलत देतो. त्यानंतर अव्वल मानांकित संघ आणि या लढतीतील विजयी संघ यांच्यात जो सामना होईल, त्यात हरणाऱ्या संघाला मात्र पराभूत गटाच्या दुसऱ्या बाजूला पाठवावे. तसे न केल्यास चौथा आणि पाचवा संघ लगेचच पुन्हा समोरासमोर येण्याचा संभव राहतो.

सामन्यांची संख्या सहज निघते. अजिंक्य संघ सोडून उरलेले सहा संघ प्रत्येकी दोनदा हरतात, म्हणजे १२ सामने. अजिंक्य संघही एकदा हरलेला असेल, तर १३. पुरुषांचा पूर्ण सामना मध्यंतरासह ४५ मिनिटांचा असतो, त्यामुळे एका मैदानावर आणि एका दिवसात हे बसत नाही. आम्ही स्थानिक स्पर्धेसाठी १०-५-१० मिनिटांचा सामना ठेवतो आणि दोन सामन्यांमध्ये १० मिनिटे सोडतो. तेरा सामन्यांना ७ तास २५ मिनिटे लागतात. तरीही मी दोन दिवसच घेतो, कारण पुढे चाल मिळालेला संघ अवघ्या तीन सामन्यांत विजेता होऊ शकतो, तर पहिल्याच फेरीत हरलेल्या संघाला अजिंक्यपदासाठी सात सामने खेळावे लागू शकतात. दुहेरी बाद पद्धतीला न्याय्य म्हणताना हे सहसा कोणी बोलत नाही.

बरोबरीचा निकाल येथे चालत नाही. दोन्ही संघांना पाच-पाच चढाया आणि तरीही बरोबरी राहिल्यास सुवर्ण चढाई, म्हणजे निकाल लावणारी एक चढाई, हा क्रम नियमपत्रकात छापावा. तसेच पराभूत गटातून आलेल्या संघाने अंतिम सामना जिंकल्यास दुसरा अंतिम सामना लगेच होईल, हे संघांना आणि पंचांना आदल्या दिवशीच कळवावे, आणि मैदानाचे दिवे त्या तेराव्या सामन्यापर्यंतच्या वेळेसाठी ठरवून घ्यावेत.